बाजारातनं आणलेल्या फळांच्या बिया लावल्यात, उगवल्यात पण, आता पुढं काय?

कुंडीवाली (शहापूर, बेळगाव) · ९ जून, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. एरवी नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा धागा काढायलेय, चुकलं तर सांभाळून घ्या. झालंय काय, मे महिन्यात पोरगा घरी, मोबाईल काढून घेतला की तोंड फुगवून बसायचा, म्हणून त्याला म्हटलं फळ खाल्लं की बी टाकायची नाही, लावायची. आता हा खेळ माझ्याच अंगावर आलाय. खिडकीत श्रीखंडाचे डबे, दह्याचे डबे, एक कान तुटलेला कुकर, आणि सगळ्यात काहीतरी उगवलंय. पपईची तर चाळीस-पन्नास रोपं, कोथिंबिरीगत दाट. हापूसच्या तीन कोयी आल्यात. लिंबाची दहा-बारा. अननसाचा शेंडा पाण्यात उभा आहे. कॅम्पातनं आणलेल्या बटरफ्रूटची (ॲव्होकाडोची) बी चार टूथपिक टोचून ग्लासात लटकवलीय, पाच आठवडे नुसती ढिम्म, परवा खालनं उकलली आणि पांढरं मूळ बाहेर आलं, पोरानं अर्धी गल्ली बोलावून दाखवलं. फ्रिजमध्ये ओल्या फडक्यात सफरचंदाच्या बिया आहेत, ते फडकं आत्तींनी म्हणजे माझ्या सासूबाईंनी ओटा पुसायला घेतलं होतं, थोडक्यात वाचल्या.

प्रश्न असा की यातलं खरोखर फळ कशाला लागणार? घर आमचंच, दोन मजली, वर गच्ची, मागं परसात विहिरीजवळ चार-पाच झाडांपुरती लाल माती आहे. सगळं तर लावता येणार नाही. आत्ती म्हणतात, बी हाय म्हणजे उगवणारच की गं, त्यात काय नवल, खायला कधी मिळणार ते विचार तुझ्या त्या लोकांना.

शेंगाचटणी · ९ जून, रात्री ११.०५

आमच्याकडं पण हाच उद्योग चालू आहे. बसून घेतो इथंच.

रायवळ (खानापूर) · १० जून, सकाळी ६.१५

आत्तींना माझा नमस्कार सांगा, प्रश्न एकदम मुद्द्याचा विचारलाय त्यांनी.

ताई, हापूसच्या कोयीतनं हापूस येत नाही. हे आधी पोराला सांगून टाक नाहीतर सहा वर्षांनी तुझ्यावर रुसंल. हापूस, पायरी, केसर, ह्यांच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि त्यात बाप कोण ते मधमाशीलाच ठाऊक. मोहराला शेजारच्या कुठल्या झाडाचा पराग लागला त्यावर पुढचं सगळं. म्हणून तर कोयीच्या झाडाला रायवळ म्हणतात, आणि आमच्याकडं जांबोटी-कणकुंबीच्या वाटेला रायवळ बघशील तर एका झाडाचा आंबा दुसऱ्यासारखा नाही, एक चोखून खायचा, एक नुसता लोणच्याचा, एक असा आंबट की पाडाला आलेला पण वानर टाकून जातंय.

पण रोपं उपटू नकोस. त्याला खुंट म्हणून वापर, वर हापूसची काडी बांधायची. कोय कलम कसं करायचं ते सांगतो सवडीनं, आता चिखलात जायचंय, रोपाचा तरवा टाकायचाय.

जंबेरीग्रस्त (पुणे, मूळचा अनगोळचा) · १० जून, दुपारी १.२०

मी जरा पाण्यात खडा टाकतो. हे सगळं करण्यापेक्षा सरळ नर्सरीत जाऊन कलमं आणा. बियांपासून झाड म्हणजे लॉटरी आहे, आणि लॉटरीत निदान तिकीट लगेच फाडता येतं, इथं सात वर्षं पाणी घालायचं आणि मग कळणार की फळ पाणचट आहे. चिकू बियांपासून लावणाऱ्यांना तर मी हात जोडतो.

निपाणीची सून · १० जून, दुपारी ३.०२

@जंबेरीग्रस्त, नाव असलं का घेतलंय तुम्ही ते आधी सांगा बघू :)

जंबेरीग्रस्त (पुणे, मूळचा अनगोळचा) · १० जून, दुपारी ३.३०

पकडलंत. सांगतो. अनगोळच्या घरी बाबांनी एका नर्सरीतनं (नाव नको) कागदी लिंबाचं कलम आणलं होतं. त्या माणसानं कानडीत ठासून सांगितलेलं, कसी गिड तगोरी, म्हणजे कलमच घ्या, दोन वर्षांत लिंबू. लावलं, जोरात वाढलं, काटे हे एवढाले, आम्ही खूश. शेणखत काय, निंबोळी पेंड काय, बाबा रोज सकाळी त्याच्याशी बोलायचे म्हणा ना. चौथ्या वर्षी फळं आली ती मोसंबीएवढी, साल जाड आणि खडबडीत, रस चमचाभर. शेवटी एका जाणत्या माणसानं खाली वाकून दाखवलं. जमिनीपासून वीतभर उंचीवर कलमाचा जोड, त्याच्यावर एक वाळकी काडी, करंगळीएवढी, आणि हे सगळं रान जोडाच्या खालनं फुटलेलं. वरचं लिंबू पहिल्याच उन्हाळ्यात मेलं होतं, आम्ही चार वर्षं खुंटाची म्हणजे जंबेरीची सेवा करत होतो.

शेंगाचटणी · १० जून, दुपारी ३.३४

=)) =)) बाबा बोलायचे त्याच्याशी!

रायवळ (खानापूर) · १० जून, रात्री ९.१०

मग दादा, हा कलमाचा दोष की न बघण्याचा? जोडाच्या खालचं फूट दिसलं की अंगठ्यानं मोडायचं, कात्री पण लागत नाही. कलम आणा म्हणणाऱ्यानं एवढं तरी सांगावं लोकांना.

अरभावीचा पोरगा · १० जून, रात्री ११.४८

मी हॉर्टिकल्चरला आहे, अरभावीला, घटप्रभेजवळ. परीक्षा आहे म्हणून इथं आलोय :P

लिंबाचं काय आहे सांगतो, कारण ते आंब्याच्या उलट आहे. कागदी लिंबाच्या एका बीमध्ये बऱ्याचदा दोन-तीन गर्भ असतात, त्यातला एक परागीभवनातनं आलेला आणि बाकीचे आईच्याच पेशींतनं, म्हणजे आईची हुबेहूब नक्कल. ताई, तुमच्या डब्यात बघा, एका ठिकाणाहून जोडीनं रोपं आली असतील. त्यातलं मरतुकडं, वेगळं दिसणारं काढायचं आणि दणकट ठेवायचं, ते बहुतेक आईवर जातंय. त्यामुळे लिंबू बियांपासून लावायला हरकत नाही, लोक लावतातच. फक्त काटे जास्त येतात आणि पहिलं फळ पाच-सहा वर्षांनी. आणि लिंबाची बी वाळवायची नाही, रसातनं काढली की धुऊन त्याच दिवशी मातीत. लोक काय करतात, कागदावर ठेवून आठ दिवस उन्हात वाळवतात आणि मग उगवत नाही म्हणतात. पपनसाला हे चालत नाही, त्याच्या बीत एकच गर्भ असतो.

कुंडीवाली (शहापूर, बेळगाव) · ११ जून, सकाळी ७.३०

अय्या खरंच की! आत्ता बघून आले, चार ठिकाणी जोडी आहे. पोरगा म्हणतो जुळे लिंबू. मरतुकडं काढायला त्याचं मन होईना, ते त्यानं वेगळ्या पेल्यात लावलंय. असू दे. पपईचं पण सांगा ना कोणीतरी, सगळ्यात जास्त तीच आहे आणि डब्यात आता गुदमरायल्यात.

अथणीकर · ११ जून, रात्री ८.००

पपई कुठली? बाजारातली लाल गराची लांबट, का गावठी पिवळी?

कुंडीवाली (शहापूर, बेळगाव) · ११ जून, रात्री ८.१२

पिवळी, गोल, मोठी. गणपत गल्लीत एक आजी बुट्टीत घेऊन बसतात त्यांच्याकडची.

अथणीकर · ११ जून, रात्री ८.४५

मग नर-मादी निघणार. आम्ही शेतात तैवान ७८६ लावतो, रेड लेडी म्हणतात ती. तिचं बी महाग. त्या फळातलं बी काढून लावलं तर दोन वाटे उभयलिंगी, एक वाटा मादी, नर निघत नाही, पण संकरित असल्यानं चव, आकार सगळं विस्कटतं. गावठीत मात्र निम्मी नर धरून चाला. रोप लहान असताना कुणीही ओळखू शकत नाही. पानं बघून, मूळ बघून सांगणारे भेटतील, ऐकू नका. फूल आल्यावरच कळतं. नराची फुलं लांब देठावर झुपक्यानं लोंबतात, मादीचं फूल खोडाला चिकटून, बुडाशी फुगीर.

एका खड्ड्यात तीन रोपं लावा, वीतभर अंतरानं. पाच-सहा महिन्यांत फूल दिसतंय. मग एक ठेवून बाकीची काढा.

पाणी साठू देऊ नका. पपईच्या बुडाशी दोन दिवस पाणी उभं राहिलं की झाड गेलंच समजा. आमच्याकडं काळी माती, पाऊस थोडा, तरी एका वळवाला आठशे झाडं आडवी झालेली. तुमच्या बेळगावात तर जून ते ऑगस्ट आभाळ फाटलेलंच असतंय. उंचवटा करून लावा.

निपाणीची सून · १२ जून, दुपारी १२.१५

आठशे झाडं! अवो किती सहज सांगितलंत. वाईट वाटलं.

अथणीकर · १२ जून, रात्री ९.३०

झालं ते. पुढच्या वर्षी वरंबे मोठे केले.

निपाणीची सून · १२ जून, रात्री १०.०५

आता माझा अननस ऐका, कारण ह्या धाग्यात फळ खाल्लेली बहुतेक मी एकटीच दिसतेय.

कुंडीवाली ताई, तो शेंडा पाण्यातनं काढा आधी, कुजतोय तो. मी काय केलं, फळाचं डोकं धरून पिळलं, कापायचं नाही, पिळलं की बुडासकट उपटून येतंय. मग खालची पानं एक एक सोलत गेले, कणसाचा पाला काढतो तसं, इंचभर बुंधा उघडा पडंपर्यंत. तिथं बारीक बारीक तपकिरी टिपके दिसतात, मुळाचे कोंब असतात ते. मग त्याला तीन-चार दिवस सावलीत उलटं वाळवलं, जखम सुकायला पाहिजे. आणि मग साध्या कुंडीत, माती निम्मी, बाकी वाळू आणि शेणखत. महिनाभर काहीच कळत नाही. हलवून बघायचा मोह होतोय, बघू नका, मी पहिला शेंडा असाच हलवून हलवून मारला.

दुसरा जगला. दोन वर्षं झाली, पानं तलवारीगत, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाला ओरखडे, पण फळाचं नाव नाही. सासरे म्हणायले तंबाखू लावली असतीस तर दोन पिकं झाली असती. मग कुठंतरी वाचलं की पिकलेल्या सफरचंदातनं इथिलीन नावाचा वायू सुटतो आणि त्यानं अननसाला फूल धरतं. दोन पिकलेली सफरचंदं बुंध्याशी ठेवली, वरनं मोठी पारदर्शक पिशवी घातली, सुतळीनं बांधली, पाच-सहा दिवस ठेवली, मग काढली. दोन महिन्यांनी सकाळी पाणी घालायला गेले तर मधल्या पोकळीत लालभडक काहीतरी, मला वाटलं पोरांनी प्लास्टिकचं खेळणं टाकलंय. वाकून बघते तर फूल! मग निळी-जांभळी बारकी फुलं खालनं वर एकेक ओळ उमलत गेली, आणि तिथनं पिकायला आणखी पाच महिने. फळ नारळाएवढंच झालं. घरात सात माणसं, एकेकाला दीड-दीड फोड आली. पण वास! स्वयंपाकघरात ठेवलेलं, रस्त्यापर्यंत वास. विकतच्याला असला वास येत नाही कारण तो कच्चाच काढतात.

एका बुंध्याला एकदाच फळ येतं हे पण लक्षात ठेवा, पण बाजूनं पिल्लं येतात, ती काढून लावायची, पिल्लांना शेंड्यापेक्षा लवकर फळ येतं.

शेंगाचटणी · १२ जून, रात्री १०.२०

वाचनखूण साठवली. उद्याच अननस आणतो.

जंबेरीग्रस्त (पुणे, मूळचा अनगोळचा) · १३ जून, सकाळी १०.००

अननसाला माझा विरोध नाही, तो बियांपासून नाहीच मुळी. शेंडा लावला की तेच झाड, तीच जात. अंजीर, डाळिंब फांदीनं, केळी मुनव्यानं, द्राक्ष काडीनं, ड्रॅगनफ्रूट पण कांडीनं लावलं तर वर्ष-दोन वर्षांत, बियांनी लावलं तर बसा वाट बघत. माझं म्हणणं बटरफ्रूटबद्दल आहे. तो ग्लास, ते टूथपिक, फोटो झकास येतो. फळ?

रायवळ (खानापूर) · १३ जून, रात्री ९.४०

दादा तुम्ही कडू बोलता पण खोटं नाही. बीचं बटरफ्रूट पाच वर्षांत लागलं तर नशीब, दहा पण लागतात. वर त्याच्या फुलाची तऱ्हा, एकच फूल आधी मादी म्हणून उघडतंय, मिटतंय, आणि परत नर म्हणून उघडतंय. काही झाडांची मादी सकाळी, काहींची दुपारी. दोन्ही तऱ्हेची झाडं जवळ असली तर फळ चांगलं धरतं, एकटं झाड असलं तर थोडकं.

पण लॉटरी लॉटरी म्हणताय तर एक सांगतो. जगात सगळ्यात जास्त खपणारं ते काळपट खरबरीत सालीचं हॅस, ते कुठनं आलं? कॅलिफोर्नियात रुडॉल्फ हॅस म्हणून एक पोस्टमन होता, त्यानं बियांपासून रोपं केली, एकावर कलम बांधलं ते बसेना, परत बांधलं, बसेना, झाड काढून टाकायला निघाला होता. राहिलं. फळ लागलं ते घरच्यांना आवडलं. १९३५ ला त्याचं पेटंट घेतलं. आज जगातलं प्रत्येक हॅस त्या एका झाडाच्या काडीचं. ते मूळ झाड २००२ पर्यंत होतं, मुळं कुजून गेलं.

अरभावीचा पोरगा · १३ जून, रात्री ११.५५

अनुमोदन. आपल्याकडचं गणेश डाळिंब पण तसंच, पुण्यात गणेशखिंडीच्या फळ संशोधन केंद्रात डॉ. चीमांनी १९३६ मध्ये आळंदी जातीच्या बियांच्या रोपांतनं निवडलेलं. आणि सफरचंदाची गोष्ट तर ह्या धाग्यासाठीच आहे. हिमाचलात बिलासपूर जिल्ह्यातले हरिमन शर्मा, खालच्या उष्ण भागातले शेतकरी. घरी खायला आणलेल्या सफरचंदांच्या बिया परसात टाकलेल्या, १९९९ मध्ये त्यातलं एक रोप उगवलेलं दिसलं. ते जगलं, फळलं, त्यावरनं एचआरएमएन-९९ ही कमी थंडीत येणारी जात झाली, आता कर्नाटकात पण लोक लावतात. तुमच्या फ्रिजमधल्या बिया उगवतील, दोन-अडीच महिने गारठ्यात ठेवलं की उगवतातच, पण साध्या सफरचंदाला फुलायला आपल्या बेळगावची थंडी पुरत नाही.

जंबेरीग्रस्त (पुणे, मूळचा अनगोळचा) · १४ जून, सकाळी ९.१५

छान. आणि ज्या लाखो बियांचं काहीच झालं नाही त्यांची गोष्ट कोण सांगणार? गणेशखिंडीत शेकडो रोपं शेजारी शेजारी लावून त्यातली निवड केली असणार, ताईंकडं विहिरीजवळ चार झाडांची जागा आहे.

रायवळ (खानापूर) · १४ जून, रात्री ८.२०

हे मात्र मान्य. म्हणूनच म्हणतो खुंट कर.

ताई, आता नीट वाच. तुझी हापूसची रोपं जून झाली असणार, पानं हिरवी झाली ना? मग त्याला नवीन तांबडी फूट येईपर्यंत थांब. नवीन कोयी ह्या महिन्यात वाळूत घाल, गावठी आंब्याच्या, धुऊन, पोट खाली करून. दहा-पंधरा दिवसांत तांबूस कोंब येतो, काडेपेटीच्या काडीपेक्षा थोडा जाड, पानं अजून लोंबती आणि तांबडी, तेवढ्यातच काम करायचं. ज्या झाडाचा आंबा आवडतो त्याची शेंड्याची काडी, तीन-चार महिन्यांची, त्याच जाडीची, आठ-दहा दिवस आधी पानं कापून ठेवायची, देठ राहू द्यायचे, म्हणजे डोळा फुगतो. रोप जमिनीपासून तीन-चार बोटांवर कापायचं, मध्ये चीर द्यायची इंच-दीड इंच, काडीला दोन्ही बाजूंनी पाचरीसारखं तासायचं, एकाच हातानं, मागं पुढं घासायचं नाही, आणि चिरेत बसवायची. निदान एका बाजूला तरी साल सालीला भिडली पाहिजे, इथंच लोक चुकतात. प्लास्टिकच्या पट्टीनं घट्ट. वरनं पेप्सीकांडीची रिकामी नळी टोपीसारखी घालायची, ओल टिकते. सावलीत. ब्लेड नवीन पाहिजे, भाजीची सुरी नको.

पावसाळी हवाच लागते ह्याला, उन्हाळ्यात करू नकोस. पाच केलीस तर दोन जगतील, वाईट वाटून घेऊ नको.

कुंडीवाली (शहापूर, बेळगाव) · १४ जून, रात्री ९.००

देवा. पेप्सीकांडी सोडून सगळं अवघड दिसतंय. पण करते. हापूसची काडी माझ्या माहेरी आहे, धारवाडला, मावसभावाच्या परसात चांगलं झाड आहे.

मुचंडीचा मास्तर · १६ जून, सायंकाळी ६.१०

खजुराच्या बिया उगवल्यात आमच्याकडं, कोणी त्याचं पण सांगा. आणि द्राक्षाच्या बिया मिळतच नाहीत, सगळं सीडलेस.

अरभावीचा पोरगा · १६ जून, रात्री ११.३०

खजूर नर-मादी वेगळे, फुलायलाच बरीच वर्षं लागतात, आणि फळ पिकताना कोरडी हवा पाहिजे. सर, शोभेसाठी ठेवा. द्राक्षाला छाटणीच्या वेळी अथणी किंवा तिकोट्याच्या बागेतनं काडी मागून आणा. पॅशनफ्रूट बियांपासून लावा, वेल पटकन येतो, वर्ष-सव्वा वर्षात फळतो, पिवळ्या जातीला मात्र दुसरा वेल लागतो आणि मोठे काळे भुंगे लागतात.

कुंडीवाली (शहापूर, बेळगाव) · २२ ऑगस्ट, दुपारी २.४०

अपडेट द्यायचं राहिलंच. पाऊस सोडेना, कपडे वाळेनात, त्यात कुंड्या.

बटरफ्रूट गेलं. ग्लासातनं मोठ्या कुंडीत लावलं, कुंडी गच्चीच्या पन्हाळीखाली होती हे माझ्या लक्षातच आलं नाही, आठ दिवसांत पानं खाली, उपटून बघितलं तर मुळं काळी, बुळबुळीत. पोरगा दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. रायवळदादा, तुमच्या त्या पोस्टमनच्या झाडाचं पण असंच झालं असं सांगितलं त्याला, तेवढ्यावर जरा शांत झाला.

लिंबाला अळ्या. आधी कावळ्याची शिट पडलीय असं वाटून मी पाण्यानं धुवायला गेले तर ती चालायला लागली! मग मोठी होऊन हिरवीगार झाली, बोट लावलं की डोक्यातनं नारिंगी शिंगं काढते आणि असला घाण वास. पोरानं एक बरणीत पाळली, कोष झाला, फुलपाखरू निघालं. एक झाड पूर्ण टक्कल.

कलमं पाच बांधली. धारवाडची काडी ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीनं आणली, मांडीवर. त्यातली तीन काळी पडली. एकीला आज सकाळी नळीच्या आत तांबडं टोक दिसतंय. नळी काढू का?

रायवळ (खानापूर) · २२ ऑगस्ट, रात्री ८.०५

नळी काढ, पट्टी सोडू नकोस. पट्टी दोन-तीन महिन्यांनी. पाचवीचं काय झालं?

कुंडीवाली (शहापूर, बेळगाव) · २२ ऑगस्ट, रात्री ८.३०

पाचवी आत्तींनी बांधलेली. हिरवी आहे अजून, ना फुटते ना मरते.

रायवळ (खानापूर) · २२ ऑगस्ट, रात्री ८.३३

मग ती फुटणार. हात आहे त्यांना.

कुंडीवाली (शहापूर, बेळगाव) · १९ डिसेंबर, सकाळी ११.००

अथणीकरदादा, पपईला फुलं आली. पाच झाडं ठेवलेली दोन खड्ड्यांत मिळून. दोन नर, तीन मादी, तुम्ही सांगितलं तसंच, ओळखायला काही कठीण नाही. एक नर काल ह्यांनी कोयत्यानं तोडला. दुसरा आत्ती तोडू देत नाहीत, कारण काय तर संध्याकाळी फुलांचा वास चांगला येतो, पूजेला बसल्यावर खिडकीतनं येतो. जागा अडवून बसलाय नुसता.

अथणीकर · १९ डिसेंबर, रात्री ७.५०

तोडू नका. गावठीत दहा मादीला एक नर लागतोच. नाहीतर मादीला फळ नीट धरत नाही.

जंबेरीग्रस्त (पुणे, मूळचा अनगोळचा) · १९ डिसेंबर, रात्री ८.१०

आत्ती २, धागा ०.

कुंडीवाली (शहापूर, बेळगाव) · पुढच्या वर्षी, ३ मे, दुपारी ४.१५

पपई खाल्ली. खरं सांगू का, पहिली फिक्की निघाली, घाई केली आम्ही, हिरवीच होती. दुसरी एक पिवळा चट्टा पडल्यावर काढून तांदळाच्या डब्यात तीन दिवस ठेवली, ती चांगली होती, त्या आजींच्या पपईएवढी नाही. कच्च्या चारची आत्तींनी कोशिंबीर आणि भाजी केली. सफरचंदाची दोन रोपं आहेत, गुडघ्याएवढी, एप्रिलच्या उन्हात पानं करपली पण परत फुटली. असू देत.

निपाणीची सून · ३ मे, रात्री ९.२०

आणि अननस??

कुंडीवाली (शहापूर, बेळगाव) · ३ मे, रात्री ९.२५

पानं तलवारीगत, पायाला ओरखडे. बाकी काही नाही.

कुंडीवाली (शहापूर, बेळगाव) · त्याच्या पुढच्या वर्षी, २ फेब्रुवारी, सकाळी ८.१०

धागा वर काढतेय, कारण तातडीचा प्रश्न आहे. आत्तींनी बांधलेल्या कलमाला मोहर आलाय. झाड माझ्या कमरेएवढं पण नाही, अजून कुंडीतच, आणि शेंड्याला हा वीतभर तुरा, त्यात दोन ठिकाणी मोहरीएवढी कैरी धरलीय. पोरगा शाळेत जायच्या आधी रोज मोजतो. शेजारच्या काकू म्हणतात ठेवा, पहिलं फळ देवाला. ह्यांनी आधीच काठी लावून आधार दिलाय. काय करू?

शेंगाचटणी · २ फेब्रुवारी, सकाळी ८.३०

ठेवा ठेवा ठेवा!

जंबेरीग्रस्त (पुणे, मूळचा अनगोळचा) · २ फेब्रुवारी, सकाळी ९.०५

आधी जोडाच्या खाली बघा. फूट नाही ना? मोहर वरच्या काडीलाच आहे ना?

कुंडीवाली (शहापूर, बेळगाव) · २ फेब्रुवारी, सकाळी ९.४०

बघितलं. वरच्यालाच आहे. खाली एक बारकी फूट होती, अंगठ्यानं मोडली.

रायवळ (खानापूर) · २ फेब्रुवारी, दुपारी १.१५

खूड. पहिली दोन-तीन वर्षं मोहर ठेवायचा नाही, झाड तिथंच बसतंय, वाढत नाही. ह्या पावसात कुंडीतनं काढून जमिनीत लाव, उंचवट्यावर, आणि विहिरीपासून जरा लांब.

पोराला खुडायला सांगू नकोस, तो शाळेत असताना कर.

कुंडीवाली (शहापूर, बेळगाव) · २ फेब्रुवारी, दुपारी ३.५०

आत्तींनी खुडला. त्याला सांगितलं वाऱ्यानं गेला. त्यानं काठीकडं बघितलं, मग आत्तींकडं बघितलं, आणि अननसाला पिशवी घालायला दोन सफरचंदं मागून घेऊन गच्चीवर गेलाय.